खटक्याचा फोन

काडेपेटी उघडायची कशी, हे तीन वर्षांच्या पोरालाही शिकवावे लागत नाही. अंगठा लावायचा, ढकलायचे, की आतला खण बाहेर. काम झाले की पुन्हा ढकलायचे. आमच्या लहानपणी पेन्सिली ठेवायला लाकडी पेटी मिळायची. तिचे झाकण असेच खाचेतून सरकत जायचे. तासाला कंटाळलेली पोरे गुरुजींचे लक्ष चुकवून ते झाकण पुढे-मागे करत बसायची आणि त्या खरखरीपायी मारही खायची. वाण्याच्या दुकानातली सरकती काच घ्या, देवघराखालचा खण घ्या. सरकवण्यात हाताला काही एक सुख मिळते, हे कोणी नाकारणार नाही.

या सुखाचा उपयोग करून घेणारे एक यंत्र मध्यंतरी आपल्या खिशात येऊन गेले. आपण त्याला नीटसा निरोपही दिला नाही. सरकता मोबाइल, म्हणजेच दुकानदारांच्या भाषेतला 'स्लायडर'. वरचा पडदा अंगठ्याने पुढे लोटला की 'खट्' आवाज व्हायचा आणि खालून आकड्यांची बटणे बाहेर यायची. बोलणे झाले की पुन्हा 'खट्'. आज घरातल्या जुन्या चार्जरांच्या गुंत्यात, बंद पडलेल्या घड्याळांच्या शेजारी असा एखादा फोन तुमच्याकडेही सापडेल. पडदा उजळणार नाही, पण सरकवून पाहा. खटका बहुधा अजून बसत असेल.

या खटक्याविषयी मला आज लिहायचे आहे. जुन्या वस्तूंचे उमाळे काढण्याचा हेतू नाही. तो खटका आमच्या घरात एका माणसाच्या फार कामाचा होता आणि तो गेल्यावर त्या माणसाचे काय झाले, हे मी जवळून पाहिले आहे. पण त्याआधी हे यंत्र आले कुठून, ते सांगितले पाहिजे.

केळे, सिनेमा आणि कोरिया

फोन घडवणाऱ्यांपुढचे कोडे तसे साधे होते. आकडे दाबणारे बोट जाड, म्हणून बटणे मोठी हवीत. वाचायचे तर पडदा मोठा हवा. कानापासून तोंडापर्यंतचे अंतर माणसाच्या चेहऱ्याला पुरेल इतके हवे. आणि हे सगळे सदऱ्याच्या खिशात मावले पाहिजे! या कोड्याची तीन उत्तरे निघाली. पहिले साबणाच्या वडीसारखे, जे काही आहे ते सगळे समोर. दुसरे पुस्तकासारखे, मधोमध बिजागरी आणि घडी. तिसरे काडेपेटीसारखे.

काडेपेटीच्या वाटेने जाणारा पहिला गाजलेला फोन फिनलंडच्या नोकियाचा. १९९६ साली आलेल्या या फोनचा क्रमांक ८११०. त्याला बाक होता, त्यामुळे लोकांनी त्याला 'केळे' असे नाव ठेवले आणि तेच टिकले. त्यात पडदा जागचा हलत नसे. बटणांवरचे झाकण तेवढे खाली सरकायचे. बोलायचा माइक त्या झाकणाच्या टोकाला असल्यामुळे झाकण सरकवले की तो आपोआप तोंडाशी यायचा. एकाच हालचालीत बटणे उघडी, फोन लांब आणि माइक जागेवर.

आपल्याकडे त्या वेळी काय स्थिती होती? ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याहून दिल्लीला केंद्रीय दळणवळण मंत्री सुखराम यांना देशातला पहिला मोबाइल फोन केला, त्याला जेमतेम वर्ष झाले होते. मिनिटाला १६ रुपयांपर्यंत दर, आणि आलेला फोन घेतला तरी पैसे! त्यामुळे 'केळे' आपल्याकडच्या बहुतेकांनी पाहिले ते पडद्यावर. १९९९ च्या 'द मेट्रिक्स' या चित्रपटात नायकाच्या हातात हाच फोन आहे आणि बटण दाबताच त्याचे झाकण सट्कन खाली येते. गंमत अशी की दुकानातल्या ८११० ला ती स्प्रिंग नव्हतीच. झाकण हाताने ओढावे लागे. स्प्रिंगची करामत चित्रपटवाल्यांनी मुद्दाम करून घेतली होती. त्याच वर्षी नोकियाने ७११० हा फोन काढला, आणि त्याचे झाकण मात्र खरोखरच बटण दाबले की उघडायचे.

पुढे झाकणाऐवजी पडद्याचा अख्खा भागच सरकू लागला. २००२ साली बाजारात आलेला ७६५० हा त्यातला महत्त्वाचा. अंगचा कॅमेरा असलेला नोकियाचा हा पहिला फोन. पडदा मोठा, बटणे त्याच्या पोटाखाली. नंतर मात्र या प्रकाराची सूत्रे कोरियाकडे गेली. सॅमसंगच्या डी५०० या सरकत्या फोनला २००५ मध्ये जगभरच्या मोबाइल कंपन्यांच्या संघटनेने उत्कृष्ट हँडसेटचे पारितोषिक दिले. एलजीने 'चॉकलेट' नावाचा काळा चकचकीत फोन काढला. त्याच्या दर्शनी भागावर बटणेच नव्हती, बोट लावले की लाल चिन्हे उजळायची. २००६ च्या सुमारास सॅमसंगचा ई२५० आला आणि सरकता फोन ही श्रीमंतांची चीज राहिली नाही. कॉलेजच्या कट्ट्यावर, बसच्या रांगेत, लग्नाच्या पंगतीत चहूकडून 'खट्-खट्' ऐकू येऊ लागले. बोलायचे कोणाशीच नसले तरी हात स्वस्थ बसत नसे. शाळेतली ती लाकडी पेटी पुन्हा भेटली होती, एवढेच!

आत काय असते?

हा खटका येतो कुठून, हे मला एकदा पुण्याच्या बुधवार पेठेत, तपकीर गल्लीच्या आसपासच्या एका दुरुस्तीच्या टपरीवर पाहायला मिळाले. टपरी म्हणजे दीड फुटाचे टेबल, त्यावर भिंगाचा दिवा, आणि दिव्याखाली विशी-बाविशीतला एक मुलगा. त्याने चार बारीक स्क्रू काढले आणि फोनचे दोन भाग उघड्या काडेपेटीसारखे समोर ठेवले.

दोन्ही भागांच्या मध्ये पत्र्याची एक पातळ चौकट असते. तिच्या कडा खाचेत धरलेल्या, त्यावरून वरचा भाग धावतो. चौकटीत एक वळवलेली स्प्रिंग बसवलेली असते. तिचे एक टोक खालच्या भागाला, दुसरे वरच्या भागाला. फोन बंद असतो तेव्हा स्प्रिंग त्याला बंदच धरून ठेवते. तुम्ही अंगठ्याने लोटू लागता तेव्हा तिला दाबत जाता, म्हणजे काम तुम्ही करता. मधली रेघ ओलांडली की स्प्रिंगची दिशा उलटते आणि उरलेले अंतर ती स्वतः लोटते. म्हणून असा फोन अर्धवट उघडा राहत नाही. घरातले विजेचे बटण जसे 'चालू' आणि 'बंद' यांच्या मध्ये थांबत नाही, तसेच हे. मोटर नाही, बॅटरीचा खर्च नाही. अर्धे बळ तुमचे, अर्धे तुम्हीच साठवून ठेवलेले.

फोन उघडला की बंद हे त्या यंत्राला कसे कळते? एका भागात तांदळाच्या दाण्याएवढे चुंबक असते, दुसऱ्या भागात ते जवळ आले की दूर गेले हे ओळखणारा एक सूक्ष्म भाग. चुंबक सरकले की फोन समजतो, मालकाने दार उघडले. मग वाजत असेल तर तो उचलला जातो. मालकाने दार लावले की बोलणे तुटते.

या सगळ्यात नाजूक काय, तर पट्टी. टपरीवरची पोरे तिला 'स्ट्रिप' किंवा 'फ्लेक्स' म्हणतात. मधाच्या रंगाच्या, कागदासारख्या पातळ प्लास्टिकमध्ये तांब्याच्या केसाएवढ्या रेघा दाबून बसवलेल्या असतात. पडद्याचे चित्र, कानाशी येणारा आवाज, वरच्या बटणांचे निरोप, सगळे या पट्टीतून ये-जा करते. फोन सरकला की पट्टी दुमडत-उलगडत जाते. दिवसातून ४० वेळा फोन उघडला असे धरा. वर्षाला १४,६०० वेळा उघडणे आणि तितक्याच वेळा मिटणे. तार पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते, हे लहानपणी प्रत्येकाने करून पाहिले आहे. पट्टीतली एकेक रेघ तशीच थकत जाते. मग पडद्यावर आडव्या रेषा येतात, मग पडदा पांढरा फटक पडतो, आणि शेवटी आवाज जातो. "ताई, स्लायडरचं दुखणं एकच," तो मुलगा म्हणाला होता, "पट्टी. बाकी फोन आपल्याला पुरून उरतो."

बाकीची दुखणीही होतीच. खाचेत धूळ आणि खिशातला लिंट जायचा. वर्षा-दीड वर्षात वरचा भाग डुलू लागायचा, कानाला लावला की 'कुर्र' वाजायचे. बटणांची वरची ओळ पडद्याच्या कडेला इतकी चिकटलेली असायची की १, २, ३ दाबताना अंगठ्याचे नख त्या कडेवर आपटायचे. उघडला की वजन वर जायचे आणि एका हाताने निरोप लिहिताना फोन मागे कलंडायचा. शिवाय मराठीत लिहायचे तर आणखीच तपश्चर्या. इंग्रजीत एका निरोपात १६० अक्षरे मावत, देवनागरीत ७०. त्यात काना-मात्राही मोजले जायचे! म्हणून आपण सगळे रोमन लिपीत मराठी लिहायला शिकलो, आणि ती सवय अजून सुटलेली नाही.

नानांचा फोन

२००८ साली मी माझ्या वडिलांना, नानांना, असा एक सरकता फोन घेऊन दिला. कंपनी कोणती ते सांगत नाही. त्या काळचे असे फोन एकमेकांचे सख्खे भाऊ शोभावेत असेच होते. आई आदल्या वर्षी गेली होती. भाऊ बंगळूरला, मी पुण्यात, आणि नाना मिरजेच्या घरात एकटे. "मी इथं बरा आहे," हे त्यांचे एकच वाक्य होते आणि त्यापुढे आमचे काही चालत नसे.

नाना रेल्वेत होते. कोल्हापूर-मिरज भागातल्या स्टेशनांवर केबिनमध्ये त्यांची बरीच वर्षे गेली. सांधे बदलायचे, सिग्नल पाडायचा, त्यासाठी माणसाच्या छातीएवढे लोखंडी लिव्हर ओढायचे. लिव्हरच्या मुठीमागे एक पकड असते. लिव्हर पुरता आला की ती खाचेत पडते आणि खटका बसतो. तो बसला नाही तर काम अपुरे. नाना सांगायचे, रात्रपाळीला धुके असले की बाहेरचे काही दिसायचे नाही, पण हाताला कळायचे. १९९८ साली ते निवृत्त झाले. हाताची ती सवय निवृत्त झाली नाही.

नवा फोन त्यांनी हातात घेतला, एकदा उघडला, एकदा मिटला, आणि म्हणाले, "अगं, याला लॉक चांगलं आहे." त्यांच्या तोंडून एवढे कौतुक म्हणजे खूप झाले. पाच मिनिटांत ते फोन घ्यायला शिकले, कारण शिकण्यासारखे काही नव्हतेच. वाजला की उघडा. झाले की मिटा. फोन मिटताना ते हलकेच मान हलवत, गाडी स्टेशन सोडून गेल्यावर लिव्हर जागेवर लोटावा तसे.

पुढे २०१० मध्ये डॉक्टरांनी काचबिंदूचे निदान केले. हा आजार हळूहळू बाजूने खात येतो. गेलेली नजर परत मिळत नाही, उरलेली थेंब घालून सांभाळायची असते. नानांची फारशी सांभाळली गेली नाही. वर्ष-दीड वर्षात वर्तमानपत्र सुटले, मग टीव्हीपुढची खुर्ची जवळ आली, मग तीही निरर्थक झाली. फोनवर आम्ही आकडे लावून दिले होते. २ दाबून धरला की मी, ३ म्हणजे भाऊ, ४ म्हणजे डॉक्टर, ५ म्हणजे शेजारचे काका. १ वर कंपनीने आधीच आपले काहीतरी ठेवलेले होते.

या आकड्यांच्या मांडणीचीही एक हकिगत आहे. गणकयंत्रावर वरच्या ओळीत ७, ८, ९ असतात आणि फोनवर १, २, ३. अमेरिकेतल्या बेल लॅबोरेटरीजने बटणांच्या वेगवेगळ्या मांडण्या माणसांकडून तपासून घेतल्या आणि त्या अभ्यासाचे निष्कर्ष १९६० साली छापले. त्यातून पुढे आलेली मांडणी १९६३ पासून बटणांच्या फोनवर रुळली, ती आजतागायत आहे. आणि ५ च्या बटणावर एक बारीक उंचवटा असतो. डोळसांच्या तो ध्यानातही येत नाही. ज्याला दिसत नाही, त्याचे बोट त्या उंचवट्यावर टेकले की वरचे, खालचे, डावे, उजवे असे सगळे गाव ओळखीचे होते. सरकत्या फोनमध्ये आणखी एक सोय: मिटलेला असताना बटणे झाकलेली, म्हणून खिशात चुकून दाबली जात नाहीत, उघडला की हजर. कुलूप काढायला दोन बटणांची युक्ती लक्षात ठेवायला नको. उघडणे हेच कुलूप काढणे.

२०११ च्या दिवाळीत आम्ही मिरजेला गेलो. माझ्या भाच्याने आजोबांचा फोन खेळायला घेतला आणि म्हणाला, "आजोबा, यात काहीच दिसत नाही!" मी पाहिले. पडदा पांढरा, कोऱ्या कागदासारखा. पट्टीतल्या चित्राच्या रेघा तुटल्या होत्या, आवाजाच्या शाबूत होत्या. किती दिवस झाले, हे नानांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते. शेजारच्या काकांना आठवले, की पंधरा दिवसांपूर्वी त्यांनी वेळ पाहायला तो फोन घेतला होता तेव्हाही तो असाच होता. त्या पंधरा दिवसांत नाना माझ्याशी रोज रात्री आठ वाजता बोलत होते. एकही दिवस चुकला नव्हता.

फोनचा पडदा मेला आणि वापरणाऱ्याला कळलेही नाही! ही कोणाला थट्टा वाटेल. मला ती त्या फोनच्या रचनेला मिळालेली सर्वांत मोठी शाबासकी वाटते. ज्याने खटका बसवला, ज्याने चुंबक ठेवले, ज्याने ५ वर टिंब दिले, त्यातल्या कोणाच्याही मनात मिरजेचा हा म्हातारा नव्हता. पण त्यांनी हाताला कळेल असे काम केले होते, म्हणून ते डोळ्यांवाचूनही चालले.

पुढच्या वर्षी डिसेंबरात नाना रात्री उठले आणि न्हाणीघराच्या उंबऱ्याला अडखळून पडले. मनगट मोडले. फोन बंडीच्या खिशात होता. डाव्या हाताने काढला, फरशीला टेकवून उघडला आणि टिंबाचे बटण दाबून धरले. काकांकडे किल्ली होती. ते तीन मिनिटांत आले. एवढीच गोष्ट. पण त्यानंतर नाना एकटे राहतात याची मला वाटणारी भीती थोडी कमी झाली, आणि त्यांचा हेका थोडा वाढला.

दोन्हीकडे सरकणारा

ज्या काळात नाना आपल्या साध्या फोनवर खूश होते, त्याच काळात जगात या फोनांचा निकाल लागत होता. सरकत्या फोनांचा मुकुटमणी म्हणावा असा नोकियाचा एन९५ सप्टेंबर २००६ मध्ये जाहीर झाला आणि २००७ मध्ये दुकानांत आला. तो दोन्ही दिशांना सरकायचा. वर लोटला की आकडे, खाली लोटला की गाण्यांची बटणे, आणि त्याबरोबर पडद्यावरचे चित्र आडवे व्हायचे. पाच मेगापिक्सेलचा कॅमेरा, रस्ता दाखवणारी जीपीएस सोय, वाय-फाय, हे सगळे १२० ग्रॅममध्ये. खिशात मावणारे जग म्हणतात ते हेच, असे तेव्हा वाटले.

रोजच्या वापरात मात्र त्याचा दम लवकर लागायचा. त्याची बॅटरी होती ९५० मिलीअँपिअर-तासांची. एवढ्या सोयींना ती पुरणार कशी? नकाशा आणि कॅमेरा वापरला की संध्याकाळच्या आत चार्जर शोधण्याची वेळ यायची. कंपनीने पुढच्या ८ जीबीच्या आवृत्तीत १२०० मिलीअँपिअर-तासांची बॅटरी घातली, हाच त्या उणिवेचा कबुलीजबाब. जाडी होती २१ मिलिमीटर. दोन मजली घर बांधायचे तर जिना, भिंती, मधला स्लॅब यांना जागा लागणारच.

एन९५ जाहीर झाल्यानंतर साडेतीन महिन्यांनी, ९ जानेवारी २००७ रोजी, अॅपलने आयफोन दाखवला. जाडी ११.६ मिलिमीटर, आणि बटणे जवळजवळ नाहीतच. हवी तेव्हा बटणे काचेवर चितारायची, नको तेव्हा पुसायची. 'मोठा पडदा की मोठी बटणे?' हे कोडे ज्याच्यामुळे सरकता फोन जन्माला आला, ते कोडेच सुटले. पट्टी नाही, खाच नाही, डुलणे नाही. कारखान्याला काम सोपे, गिऱ्हाइकाला पडदा मोठा.

तरी सरकता फोन एका दिवसात गेला नाही. २००८ मध्ये आलेला जगातला पहिला अँड्रॉइड फोन, एचटीसीचा, पडदा सरकवून टंकलेखनाची बटणे काढणाराच होता. ब्लॅकबेरीने २०१० मध्ये 'टॉर्च' आणि २०१५ मध्ये 'प्रिव्ह' काढून पाहिला. २०१८ मध्ये ओप्पो आणि शाओमी यांनी सरकते फोन आणले, पण आता सरकण्यामागे लपला होता तो समोरचा कॅमेरा; बटणे कधीच गेली होती. त्याच वर्षी 'केळे'ही नोकियाच्या नावाने ४जी होऊन परत आले. आठवणींची किंमत मोजणाऱ्यांनी ते घेतलेही.

काचेपुढचा माणूस

२०१४ मध्ये नानांच्या फोनची पट्टी पुन्हा गेली, आणि या वेळी आवाजासकट. मी तो पुण्याला आणला. टपरीवरच्या मुलाने खोके उपसले, दोन ठिकाणी फोन करून विचारले, आणि मान हलवली. त्या मॉडेलच्या पट्ट्या येणे बंद झाले होते. फोनची बॅटरी उत्तम, बटणे उत्तम, खटका उत्तम. न मिळणारी वस्तू बोटभर प्लास्टिकची होती.

भावाने मोठ्या प्रेमाने बंगळूरहून टचस्क्रीन फोन पाठवला. नानांनी तो हातात घेऊन सगळीकडून चाचपला. गुळगुळीत. "हा उघडतो कुठून?" त्यांनी विचारले. आलेला फोन घ्यायला काचेवर एका ठरावीक जागी बोट टेकवून ठरावीक दिशेला ओढायचे होते. ती जागा बोटाला सांगणारे काही नव्हते. कधी फोन घेतला जायचा, कधी तोडला जायचा, कधी गालाच्या स्पर्शाने भलतेच काही सुरू व्हायचे. आठवडाभराने नाना म्हणाले, "तूच कर फोन. मी काही करत नाही." आणि मग, "काका आले की त्यांच्या फोनवरून बोलीन."

त्या तीन आठवड्यांत मी जे ऐकले ते माझे वडील मी कधी ऐकले नव्हते. आवाज तोच, पण दुसऱ्याच्या फोनवरून, दुसऱ्याचा वेळ जातो आहे या घाईत. ज्या माणसाने आयुष्यभर गाड्या सोडल्या, त्याला लेकीशी दोन शब्द बोलायला परवानगी मागावी लागत होती. डोळे गेले तेव्हा ते इतके म्हातारे झाले नव्हते.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. टचस्क्रीन अंधांच्या विरुद्ध आहे, असे सरसकट म्हणणे खरे नाही. २००९ पासून आयफोनमध्ये आणि अँड्रॉइडमध्येही पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सोयी आल्या, आणि अनेक अंध तरुण-तरुणी त्या इतक्या वेगाने वापरतात की डोळसांनी तोंडात बोट घालावे. बँकेचे व्यवहार, पुस्तके, प्रवास, हे सगळे त्यांना त्या काचेने दिले. सरकत्या फोनने ते कधीच दिले नसते. पण उतारवयात ज्यांची नजर जाते त्यांची गोष्ट निराळी. त्यांचे कान थकलेले, बोटे थरथरती, आणि नवी भाषा शिकण्याची उमेद संपत आलेली. त्यांना शंभर सोयी नको असतात. आपण केले ते झाले की नाही, एवढेच त्यांना हाताला कळायला हवे असते.

शेवटी नानांना साधा बटणांचा फोन घेऊन दिला. टिंब शोधून त्यांनी पुन्हा सगळे गाव वसवले. फोन घ्यायचे बटण डावीकडे, ठेवायचे उजवीकडे, हे त्यांनी पाठ केले. बोलणे झाल्यावर ठेवायचे बटण दाबले गेले की नाही याची त्यांना खात्री वाटत नाही, म्हणून दोन-दोनदा दाबतात. कधी दाबले जातच नाही, आणि मग मिरजेतल्या त्या खोलीतला पंखा, रस्त्यावरची रिक्षा, नानांचे स्वतःशी पुटपुटणे मला पुण्यात बराच वेळ ऐकू येत राहते. त्यांनी पंच्याऐंशी ओलांडली, पण रात्री आठचा नेम मोडलेला नाही.

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात आज ना उद्या हा प्रश्न येणार आहे. आईवडिलांना फोन घ्यायला आपण दुकानात जातो आणि कॅमेरा किती मेगापिक्सेलचा हे विचारतो. त्याऐवजी फोन हातात घेऊन डोळे मिटून पाहावे. सरळ कोणता, उलटा कोणता, हे कळते का? ५ चे टिंब लागते का? आलेला फोन घेता येतो का, आणि तो ठेवला गेला हे समजते का? दाबून धरायचे आकडे लावून द्यावेत. संकटकाळी मदत मागण्याचे बटण मोबाइलवर असलेच पाहिजे, असा नियम केंद्र सरकारने २०१६ मध्ये केला. साध्या फोनवर त्यासाठी ५ किंवा ९ चे बटण ठरवले आहे. तेही तिथल्या तिथे विचारून घ्यावे. आणखी एक. २०१६ मध्ये सुरू झालेल्या जिओकडे २जी सेवा नाही, त्यामुळे खणातला जुना फोन चालवायचा असेल तर सिमकार्ड घेण्याआधी ते तिथे चालेल का, याची चौकशी करावी.

एवढे सगळे दुकानात उभे राहून, डोळे मिटून करायचे म्हणजे काउंटरवरचा मुलगा हसेल. हसू द्यावे.